४२९४९६७२९७ (संख्या)

४२९४९६७२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही एक दहा अंकी विषम नैसर्गिक संख्या आहे. २ चा ३२ वा घात आणि १ यांची ती बेरीज असून फर्मा संख्यांच्या क्रमिकेत ती फ(५) या चिन्हाने दर्शविता येते. मूळ संख्या नसलेली ती सर्वांत लहान फर्मा संख्या होय. तिचे मूळ अवयव ६४१ आणि ६७००४१७ हे आहेत.

संख्या सिद्धांताच्या इतिहासात या संख्येला विशेष स्थान आहे. सर्व फर्मा संख्या मूळ असतात, अशी अटकळ फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याने सतराव्या शतकात मांडली होती. पहिल्या पाच संख्यांबाबत ती खरी ठरते. सहाव्या संख्येबाबत, म्हणजे ४२९४९६७२९७ बाबत, ती खोटी ठरते. लिओनार्ड ऑयलर याने इ.स. १७३२ मध्ये हे दाखवून दिले. काही उदाहरणांत आढळलेला नियम सिद्धतेवाचून सर्वत्र लागू मानता येत नाही, याचे हे गणितातील एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

(या लेखात ^ हे चिन्ह घात दर्शविते, उदाहरणार्थ २^५ म्हणजे ३२.)

संख्येची रूपे

- मूळ अवयवांच्या रूपात: ६४१ × ६७००४१७
- घाताच्या रूपात: २^३२ + १
- द्विमान पद्धतीत: सुरुवातीस १, नंतर ३१ शून्ये आणि शेवटी १, असे एकूण ३३ अंक
- षोडशमान पद्धतीत: १०००००००१
- विभाजक: १, ६४१, ६७००४१७ आणि ४२९४९६७२९७, असे एकूण चार
- सर्व विभाजकांची बेरीज: ४३०१६६८३५६
- संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या नैसर्गिक संख्यांची संख्या: ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०

फर्मा संख्या

२^म + १ या रूपाची संख्या मूळ केव्हा असू शकते, या प्रश्नातून फर्मा संख्यांची संकल्पना पुढे येते. म या घातांकाला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असेल, तर २^म + १ या संख्येचे अवयव पाडता येतात. उदाहरणार्थ, ६ चा विषम विभाजक ३ आहे; म्हणून २^६ + १ = ४^३ + १ असे लिहिता येते. घनांच्या बेरजेच्या सूत्रानुसार या संख्येला ४ + १, म्हणजे ५ ने भाग जातो, आणि प्रत्यक्षात ६५ = ५ × १३ असेच उत्तर मिळते. तेव्हा म हा घातांक १ किंवा त्याहून मोठा असताना २^म + १ ही संख्या मूळ असावयाची, तर म ला १ पेक्षा मोठा विषम विभाजक असून चालत नाही. म्हणजेच म हा स्वतः २ चा घात असावा लागतो. अशा रीतीने मिळणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात:

फ(न) = २^(२^न) + १

येथे न च्या जागी ०, १, २, ३… या किंमती घेतात. पहिल्या सहा फर्मा संख्या पुढीलप्रमाणे आहेत:

- फ(०) = ३
- फ(१) = ५
- फ(२) = १७
- फ(३) = २५७
- फ(४) = ६५५३७
- फ(५) = ४२९४९६७२९७

यांपैकी पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. घातांक २ चा घात असणे ही २^म + १ मूळ असण्यासाठीची आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट आहे काय, हा त्यापुढचा प्रश्न होय.

फर्मा संख्यांमध्ये एक साधा परस्परसंबंध आहे. पहिल्या काही फर्मा संख्यांचा गुणाकार करून त्यात २ मिळविल्यास पुढील फर्मा संख्या मिळते. ३ + २ = ५, ३ × ५ + २ = १७, ३ × ५ × १७ + २ = २५७ या क्रमाने पुढे गेल्यास

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ + २ = ४२९४९६७२९७

असे मिळते. त्यामुळे कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ व्यतिरिक्त सामाईक विभाजक नसतो. असा विभाजक असता, तर त्याने २ लाही भाग गेला असता; परंतु फर्मा संख्या विषम असल्याने ते अशक्य आहे. यावरून मूळ संख्या अनंत आहेत हेही सिद्ध होते, कारण प्रत्येक फर्मा संख्या किमान एक नवी मूळ संख्या पुरविते. ही सिद्धता ख्रिश्चन गोल्डबाख याने ऑयलरला लिहिलेल्या पत्रात १७३० मध्ये आढळते.

फर्माची अटकळ

फर्मा (मृत्यू १६६५) हा तुलूझ येथील न्यायालयात अधिकारी होता आणि आपले गणितातील निष्कर्ष तो मुख्यतः पत्रांतून कळवीत असे. १६४० मध्ये बर्नार फ्रेनिकल द बेसी याला लिहिलेल्या पत्रात त्याने या रूपाच्या सर्व संख्या मूळ असाव्यात, असा आपला विश्वास व्यक्त केला; मात्र त्याची नेमकी सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने मान्य केले. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कल याला लिहिलेल्या पत्रात हा विषय पुन्हा आला, तेव्हाही सिद्धता पूर्ण झालेली नव्हती. १६५९ मध्ये आपल्या संख्याविषयक शोधांचा जो आढावा त्याने घेतला, त्यात मात्र हे विधान इतर सिद्ध निष्कर्षांच्या सोबतीने आले आहे.

ही अटकळ तपासण्याचे साधन फर्माकडे उपलब्ध होते. प ही मूळ संख्या असून अ ला तिने भाग जात नसेल, तर अ^(प−१) ला प ने भागल्यास बाकी १ उरते, हे ‘फर्माचे लहान प्रमेय’ त्याने त्याच १६४० साली कळविले होते. त्याच प्रकारच्या विचाराने २^३७ − १ या संख्येला २२३ ने भाग जातो, हेही त्याने शोधले होते. ४२९४९६७२९७ वर हीच रीत लावल्यास, पुढे दाखविल्याप्रमाणे, अगदी थोड्या भागाकारांत उत्तर मिळते.

ऑयलरचे खंडन

१ डिसेंबर १७२९ रोजीच्या पत्रात गोल्डबाखने ऑयलरचे लक्ष फर्माच्या या विधानाकडे वेधले. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीत होता. १७३२ मध्ये अकादमीपुढे मांडलेल्या एका छोट्या निबंधात त्याने ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो, असे जाहीर केले. हा निबंध १७३८ मध्ये छापला गेला. ६४१ ही संख्या कशी सापडली, याचे विवेचन त्यात नव्हते; त्यामागील प्रमेय ऑयलरने १७५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिद्ध केले.

कोणतेही प्रमेय हाती नसल्यास या संख्येचा अवयव शोधण्यासाठी ३, ५, ७, ११ असे एकेका मूळ संख्येने भागून पाहावे लागते. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. ४२९४९६७२९७ ही मूळ आहे असे चुकून गृहीत धरून पूर्ण तपासणी करावयाची म्हटल्यास ६५५३६ पर्यंतच्या सर्व, म्हणजे ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. ऑयलरच्या प्रमेयामुळे हे काम फार कमी होते.

त्याचा युक्तिवाद असा: प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भाग देते असे समजू. तर २^३२ ला प ने भागल्यास बाकी प − १ उरते, आणि तिचा वर्ग केल्यास २^६४ ची बाकी १ येते. २ च्या घातांच्या बाक्या ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. ६४ व्या घाताला बाकी १ येते, पण ३२ व्या घाताला येत नाही. म्हणून हे अंतर नेमके ६४ असले पाहिजे. लहान प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकीही १ असते. म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. अर्थात ४२९४९६७२९७ चा प्रत्येक मूळ अवयव ६४क + १ या रूपाचा असतो.

या रूपाच्या संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१… अशा आहेत. त्यांतील मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या होत. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचव्या संख्येने जातो. ११५ विषम मूळ संख्यांऐवजी केवळ पाच संख्यांची तपासणी पुरते.

१८७८ मध्ये एदुआर ल्युका याने हे प्रमेय अधिक काटेकोर केले. त्यानुसार या संख्येचे मूळ अवयव १२८क + १ या रूपाचे असतात. आता ६४१ पर्यंत २५७ आणि ६४१ या दोनच मूळ संख्या उरतात. त्यांपैकी २५७ ही स्वतः फर्मा संख्या असल्यामुळे ती दुसऱ्या फर्मा संख्येचा विभाजक असू शकत नाही. म्हणजे तपासावी लागणारी पहिलीच संख्या ६४१ ठरते.

अमेरिकेत १८०४ मध्ये जन्मलेला झेरा कोलबर्न हा मुलगा तोंडी आकडेमोडीसाठी प्रसिद्ध होता. १८१२ पासून लंडनमध्ये झालेल्या त्याच्या प्रयोगांच्या तत्कालीन वृत्तांतात, ४२९४९६७२९७ ही संख्या दिली असता त्याने तिचा ६४१ हा अवयव तोंडी सांगितल्याची नोंद आहे.

६४१ ने भाग जातो याची सिद्धता

प्रत्यक्ष भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे दाखविता येते. त्यासाठी ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहितात:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

दुसऱ्या समीकरणाला २^२८ ने गुणल्यास ५^४ × २^२८ + २^३२ या संख्येला ६४१ ने भाग जातो, असे मिळते.

आता ५ × २^७ ला य म्हणू. य^४ − १ या पदावलीला य + १ ने नेहमी भाग जातो. येथे य + १ = ६४१ आहे; म्हणून ५^४ × २^२८ − १ या संख्येलाही ६४१ ने भाग जातो.

ज्या दोन संख्यांना ६४१ ने भाग जातो, त्यांच्या वजाबाकीलाही तो जातो. वरील दोन संख्यांची वजाबाकी २^३२ + १ आहे. म्हणून २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

दुसरा अवयव

४२९४९६७२९७ ÷ ६४१ = ६७००४१७. ही सात अंकी संख्या मूळ आहे आणि तेही थोडक्यात तपासता येते. तिचा कोणताही मूळ अवयव ४२९४९६७२९७ चाही अवयव असणार. म्हणून तोही १२८क + १ या रूपाचा असला पाहिजे. ६७००४१७ चे वर्गमूळ २५८८ आणि २५८९ यांच्या दरम्यान आहे. तोपर्यंत या रूपाच्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच आहेत. ६७००४१७ ला त्यांनी भागल्यास अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. एकही बाकी शून्य नाही. म्हणून ६७००४१७ ही मूळ संख्या आहे.

दोन वर्गांची बेरीज

४२९४९६७२९७ ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येते:

४२९४९६७२९७ = ६५५३६^२ + १^२
४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + २०४४९^२

४क + १ या रूपाची मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते. त्यामुळे दुसरी मांडणी अस्तित्वात असणे, हाच ४२९४९६७२९७ संयुक्त असल्याचा स्वतंत्र पुरावा ठरतो. या मांडण्या तिच्या अवयवांतून येतात. ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. यांतून २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६, २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४ हे गुणाकार मिळतात. ६३९०० + १६३६ = ६५५३६ आणि १०२२५ − १०२२४ = १ यांतून पहिली मांडणी मिळते; ६३९०० − १६३६ = ६२२६४ आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९ यांतून दुसरी.

मूळतेच्या कसोट्या

फर्माच्या लहान प्रमेयाचा उपयोग मूळतेची कसोटी म्हणूनही करतात. दिलेल्या विषम संख्येपेक्षा एकने कमी एवढ्या घातांकाचा २ चा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यास बाकी १ आली नाही, तर ती संख्या निश्चितपणे संयुक्त असते. बाकी १ आली, तर मात्र ती मूळ असेलच असे नाही. ४२९४९६७२९७ ही या कसोटीला चकविणाऱ्या संख्यांपैकी एक आहे. २^६४ ला तिने भागल्यास बाकी १ उरते आणि २^३२ या घातांकाला ६४ ने भाग जातो. त्यामुळे कसोटीतही बाकी १ च येते. अशा संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणता येईल.

२ ऐवजी ३ हा पाया घेतल्यास तिचे खरे स्वरूप उघड होते. १८७७ मध्ये थिओफिल पेपँ याने फर्मा संख्यांसाठी एक निर्णायक कसोटी दिली. ती आज सामान्यतः ३ या पायासह वापरतात: फर्मा संख्येतून १ वजा करून त्याच्या निम्म्या घातांकाचा ३ चा घात घ्यावा, त्याला फर्मा संख्येने भागल्यावर बाकी तिच्याहून एकने कमी आली, तरच ती संख्या मूळ असते (येथे न किमान १ असावा). ४२९४९६७२९७ साठी ३ चा ३१ वेळा लागोपाठ वर्ग करून आणि दर वेळी बाकी घेऊन ही कसोटी पूर्ण होते. ती संख्या कसोटीत उतरत नाही. संख्या संयुक्त आहे हे या कसोटीने कळते, परंतु तिचे अवयव कोणते हे कळत नाही.

भूमितीशी संबंध

१७९६ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाउस याने १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने काढता येते, हे सिद्ध केले. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने हा निष्कर्ष व्यापक केला आणि १८३७ मध्ये पिएर वांत्सेल याने त्याची उलट बाजू सिद्ध केली. त्यानुसार बाजूंची संख्या विषम असल्यास ती मूळ फर्मा संख्या किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल, तरच अशी आकृती काढता येते.

४२९४९६७२९७ संयुक्त असल्याचा परिणाम येथे दिसतो. ही संख्या मूळ असती, तर तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी व कंपासने काढणे तत्त्वतः शक्य झाले असते. तिचा अवयव ६४१ ही मूळ फर्मा संख्या नसल्यामुळे ते अशक्य आहे. ज्ञात असलेल्या पाच मूळ फर्मा संख्यांपासून विषम बाजूंच्या अशा ३१ आकृत्या मिळतात. त्यांपैकी सर्वांत मोठीच्या बाजूंची संख्या पाचही संख्यांचा गुणाकार, म्हणजे ४२९४९६७२९५ आहे. ती ४२९४९६७२९७ पेक्षा केवळ २ ने कमी आहे.

संगणकातील स्थान

३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ० पासून ४२९४९६७२९५ पर्यंतच्या संख्या साठविता येतात. म्हणजे या प्रकारातील कमाल संख्या ही पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार आहे. ४२९४९६७२९७ साठविण्यास ३३ बिट लागतात. केवळ शेवटचे ३२ बिट ठेवल्यास तिच्या जागी १ उरतो. फ(४), म्हणजे ६५५३७ ही संख्या आरएसए कूटलेखन पद्धतीत सार्वजनिक घातांक म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

नंतरच्या फर्मा संख्या आणि अनुत्तरित प्रश्न

फ(५) नंतरची प्रत्येक फर्मा संख्या आधीच्या संख्येच्या सुमारे दुप्पट अंकांची असते, त्यामुळे अवयव शोधण्याचे काम झपाट्याने अवघड होत जाते. फ(६), म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७ या संख्येचे २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ हे अवयव फॉर्च्युने लांद्री याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. ३९ अंकी फ(७) चे अवयव १९७० मध्ये मायकेल मॉरिसन आणि जॉन ब्रिलहार्ट यांनी संगणकाच्या साहाय्याने शोधले. फ(५) ते फ(११) या संख्यांचे सर्व मूळ अवयव ज्ञात आहेत. फ(२०) आणि फ(२४) संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण त्यांचा एकही मूळ अवयव सापडलेला नाही.

फ(५) पासून फ(३२) पर्यंतच्या सर्व फर्मा संख्या संयुक्त आहेत. फ(३३) ही जिच्याबाबत निर्णय झालेला नाही अशी सर्वांत लहान फर्मा संख्या आहे. फ(४) नंतर एकही मूळ फर्मा संख्या ज्ञात नाही. यावरून सर्वच मोठ्या फर्मा संख्या संयुक्त असाव्यात, असा अंदाज बहुतेक गणितज्ञ बांधतात. परंतु मूळ फर्मा संख्या पाचच आहेत की अधिक, हे सिद्ध झालेले नाही. संयुक्त फर्मा संख्या अनंत आहेत काय, याचीही सिद्धता उपलब्ध नाही. पाच उदाहरणांवरून बांधलेला फर्माचा अंदाज ४२९४९६७२९७ या एका संख्येने खोटा ठरविला; त्याच्या विरुद्ध दिशेचा आजचा अंदाजही अद्याप सिद्धतेच्या प्रतीक्षेत आहे.